इंटरनेटचा टीव्ही : बघण्याआधी समजून घेऊ

गेल्या रमजान ईदला आमच्या घरी नवा टीव्ही आला. त्याच दिवशी मुलांनी अब्बांच्या कार्डाचा नंबर टाकून एका ॲपचा 'पहिला महिना मोफत' सुरू केला. ईदच्या गडबडीत आम्ही ते विसरलो. पुढचे तीन महिने अब्बांच्या पेन्शनमधून पैसे जात राहिले. बँकेचे इंग्रजी मेसेज अब्बांना जाहिराती वाटले. चूक आमचीच होती. वस्तू वापरायला घेतली, पण समजून घेतली नाही.

केबल किंवा डिशवर सगळ्या वाहिन्या सर्वांच्या घरी एकाच वेळी येतात. इंटरनेट टीव्हीवर आपण निवडलेला कार्यक्रम तेवढा आपल्यासाठी निघतो आणि लहान लहान तुकड्यांनी येतो. म्हणूनच नेट मंदावले की चित्र थांबते. एचडी चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो. मात्र एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. मोबाईलच्या पॅकवर बघत असाल, तर सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी ठेवा. टीव्ही जुना असला, तरी त्याला एचडीएमआयची जागा असेल, तर तिथे स्टिक लावून काम भागते.

प्रत्येक गोष्टीला पैसे मोजावे लागतात असेही नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'वेव्हज' ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या आणि बरेच जुने कार्यक्रम आहेत.

पैसे भरून घ्यायचेच असेल, तर एक लक्षात ठेवा : ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. ॲपच्या खात्यात जाऊन ती रद्द करावी लागते. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे'ही तपासावा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज वाचला, तर वेळ हातात असते.

मुलांचा प्रश्न पैशांपेक्षा मोठा. २०२१च्या नियमांप्रमाणे कार्यक्रमांवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा वयाच्या खुणा असतात. १३+ पासून पुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय कंपन्यांनी द्यायची असते; पण ते कुलूप आपण लावले, तरच लागते. मुलांसाठी वेगळे प्रोफाईल करा, मोठ्यांच्या प्रोफाईलला पिन ठेवा आणि तो पिन मुलांची जन्मतारीख नसावा!

आमच्याकडे आता पिन अम्मीकडे असतो. आणि बँकेचा मेसेज आला, की आमची धाकटी तो दादाजींना मराठीत समजावून सांगते.