खुंटी, सावली आणि फक्की

पूर्व कुठे आहे हे मोबाइल सांगतो, असं घरमालकांचं म्हणणं. मिस्त्रींनी त्यांना तीन ठिकाणी उभं केलं: विहिरीजवळ, आंब्याखाली आणि सळ्यांच्या ढिगाशेजारी. तिन्ही ठिकाणी पूर्व वेगळी निघाली. "आता तो खिशात टाका," मिस्त्री म्हणाले, "लोखंडाशेजारी त्याला काय कळणार?"

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, डिसेंबरच्या अखेरीस, नव्या घराची आखणी चालली होती. कोकणात घराला हात लागतो तो दिवाळीनंतर आणि जोतं पावसाआधी वर यावं लागतं, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती. मिस्त्रींना मात्र नव्हती. जमिनीचा पाचेक फुटांचा चौरस त्यांनी आदल्या दिवशीच चोपून, सारवून ठेवला होता. सकाळी त्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे धावतं ते पाहिलं आणि तिथे पुन्हा माती चोपली. मग मधोमध दीड फुटाची सागवानी खुंटी ठोकली, चारी बाजूंनी ओळंबा लावून ती सरळ केली आणि दोरीने तिच्याभोवती दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ काढलं. त्याच्या आत आणखी एक, थोडं लहान.

पुढचं काम सावलीचं. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाबाहेर असते, आणि सूर्य चढेल तशी आत सरकते. सव्वादहाच्या सुमारास तिचं टोक मोठ्या वर्तुळाच्या रेघेवर आलं. टोक म्हणायचं एवढंच; जवळून पाहिलं तर तिथे अर्ध्या इंचाची धूसर कड असते, कारण सूर्य हा काही ठिपका नाही. मिस्त्रींनी त्या धूसर पट्ट्याच्या मध्यावर खिळा ठोकला. थोड्या वेळाने आतल्या वर्तुळावर दुसरा. दुपारी सावली पुन्हा वाढत गेली, आधी आतलं वर्तुळ ओलांडलं, मग तीनच्या सुमारास बाहेरचं. चार खिळे झाले. सकाळचा आणि दुपारचा खिळा दोरीने जोडला की पूर्व-पश्चिम मिळते. दोन्ही वर्तुळांच्या दोऱ्या समांतर आल्या तर काम चोख. आल्या. घड्याळाचे बारा इथे उपयोगाचे नसतात. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि राजापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटून जातात.

ही रीत जुन्या ज्योतिषग्रंथांत आणि 'मयमता'सारख्या वास्तुग्रंथांतही आहे. दोन खिळ्यांवरून दोरीने दोन कमानी मारायच्या, त्या एकमेकींना छेदतात तिथे माशासारखी आकृती होते, आणि माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत रेघ ओढली की उत्तर-दक्षिण. एक बारीक अडचण आहे: सकाळ ते दुपार सूर्य स्वतःही थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त. डिसेंबरच्या अखेरीस ते सरकणं जवळजवळ शून्य असतं. कोकणातला बांधकामाचा हंगाम आणि ही सोय एकत्र आली, हा योगायोगच, पण कामाचा.

वास्तुशास्त्र म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात ते फ्लॅटच्या भिंतीवरचे आरसे आणि पिरॅमिड, जिथे एक वीटही हलवता येत नाही. त्या दिवशी जे चाललं होतं ते मोजणीचं काम होतं, आणि मला वाटतं मूळ शास्त्राचा बराच मोठा भाग तोच आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त जमीन पारखायची रीत आहे: हातभर खड्डा खणायचा, तीच माती परत भरायची, उरली तर उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर जागा सोडा. घट्ट जमीन उकरली की फुगते, भुसभुशीत खड्ड्यात दबून बसते. पाया खणणाऱ्या कोणालाही हे पटेल.

दुपारी चहाबरोबर आय निघाला, म्हणजे लांबी-रुंदीच्या गुणाकारावरून घराचं शुभाशुभ काढायचा हिशेब. इंजिनिअरच्या नकाशात घर 27 बाय 44 फूट. मिस्त्रींनी सिमेंटच्या पिशवीवर गुणाकार केला: 1188. आठाने भागून बाकी चार. "श्वान," ते म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली. एक ध्वज, दोन धूम, तीन सिंह, चार श्वान, पाच वृषभ, सहा खर, सात गज, आणि बाकी शून्य उरली तर काक. यांतले विषम शुभ, सम अशुभ. एक फूट वाढवून 27 बाय 45 केलं: 1215, बाकी सात, गज. घरमालक खूश. लांबी आणि रुंदी दोन्ही विषम घेतल्या तर बाकी कधीच सम येणार नाही, हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मग मी तेच घर दीड फुटाच्या हाताने मोजून पाहिलं: 18 बाय 30, म्हणजे 540, बाकी चार. पुन्हा श्वान! मिस्त्रींना दाखवलं तर ते हसले. "वडील हातानं काढायचे, मी फुटात काढतो. तुम्ही आता मीटरमध्ये काढू नका म्हणजे झालं."

आयाचा हिशेब मला पटला नाही, पण त्या वाढलेल्या एका फुटाने भलतंच काम केलं. 27 आणि 45, दोन्हींना नवाने भाग जातो. घराचे उभे-आडवे नऊ-नऊ भाग पडले, प्रत्येक तीन बाय पाच फुटांचा; 81 पदांचं मंडल. त्यातली मधली नऊ पदं ब्रह्मस्थान, तिथे खांब नको. इंजिनिअरचा एक कॉलम नेमका माजघराच्या मध्यात येत होता.

"हलवला तर बीम खोल होईल, लोखंड वाढेल," इंजिनिअर म्हणाला.

"वाढू दे, साहेब. लग्नकार्याला पंगत कुठे बसवणार? खांबाभोवती?"

कॉलम हलला. घाटावरच्या वाड्यात या मधल्या जागेवर उघडा चौक असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उघडा चौक म्हणजे घरात तळं, म्हणून इथल्या बहुतेक घरांत तिथे बंद माजघर आलं. मोकळेपणा मात्र राखला.

दिशांचे नियमही इथे अर्धेच बसतात. नैऋत्य जड, बंद ठेवायची, हे पटतं. पाऊस तिकडूनच झोडपतो आणि त्या बाजूला जांभ्याची सलग भिंत हवीच. चूल आग्नेयेला, तेही ठीक. दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि धूर घराबाहेर नेतात. पण जमिनीचा उतार पूर्वेला किंवा उत्तरेला असावा, या नियमाचं काय करायचं? सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत सगळं कोकण पश्चिमेला उतरतं. पोथीप्रमाणे चालायचं तर अर्ध्या जिल्ह्यात घर बांधता येणार नाही. जुन्या लोकांनी उतार कापून पायरी केली, खालच्या अंगाला गडगा घातला आणि वर सपाटीवर जोतं उचललं. या घराचंही तेच व्हायचं होतं.

संध्याकाळी कोपऱ्यांच्या खुंट्या बसल्या. गुण्या एवढ्या लांबीला पुरत नाही, म्हणून टेपने तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून काटकोन केले, मग दोन्ही कर्ण मोजले. पाव इंचाचा फरक. मिस्त्रींनी एक खुंटी उपटून पुन्हा ठोकली.

घरमालकांच्या मनात एक गोष्ट राहिली होती. विहीर ईशान्येला हवी, त्यांची दक्षिणेला. मुंबईच्या सल्लागाराने फोनवर काहीतरी पुरायला सांगितलं होतं.

"मे महिन्यात पाणी असतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"असतं. वाडीतल्या चार घरांना पुरतं."

"मग पुरायचं कशाला? न्हाणी त्या बाजूला घेतो, पाइप कमी लागेल." आणि ते फक्कीचं घमेलं उचलून दोरीवरून रेघ मारायला निघाले.