रेस हळू उतरते म्हणून क्लच बदलू नका

शहादा-तळोद्याची केळी-पपई असो की नंदुरबार बाजारात येणारी मिरची, बराचसा माल आता पिकअपवरच येतो. जुनी जीप विकून नवी गाडी घेणाऱ्यांची एक तक्रार मात्र हमखास ऐकू येते : "गिअर बदलताना पाय उचलला तरी रेस लगेच उतरत नाही." मग कोणी सांगतो, क्लच प्लेट गेली. हजारो रुपयांचे बिल होते आणि रेस मात्र पहिल्यासारखीच हळू उतरते.

असे का होते? पहिले कारण फ्लायव्हील. इंजिनाच्या टोकाला बसवलेले हे जड चाक एकदा फिरले की लगेच थांबत नाही. जात्याचा खुंटा सोडला तरी पाळी थोडी फिरतेच, तसेच हे. डिझेल इंजिनात ते अधिक जड असते.

दुसरे कारण धुराचा कायदा. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. पेट्रोल गाडीत हवेची झडप एकदम मिटली तर हवा तुटते, पण नळीच्या भिंतींना चिकटलेले पेट्रोल आत ओढले जाते. ते नीट जळत नाही आणि तसेच धुरात जाते. म्हणून गाडीतला संगणक ही झडप मुद्दाम हळूहळू मिटवतो. पूर्वी पाय आणि झडप यांच्यामध्ये फक्त तार होती. आता पायाचा हुकूम आधी संगणकाकडे जातो. कार्ब्युरेटरच्या काळातही काही गाड्यांना याच कामासाठी डॅशपॉट बसवत. थोडक्यात, गाडी नवी असल्यापासून रेस हळू उतरत असेल तर तो बिघाड नव्हे.

बिघाड कसा ओळखावा?

इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून, हँडब्रेक लावून गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा. रेस देऊन पाय सोडा. रेस हळू का होईना, नेहमीच्या जागी आली तर काळजी नाही. मध्येच अडकली, किंवा कालपर्यंत ठीक असलेली गाडी आज असे करू लागली, तर तपासणी हवी. पायपुसणे पेडलवर अडकले आहे का, तार सुकली आहे का, हवेचा पाइप फुटला आहे का, झडपेवर काजळी बसली आहे का, हे आधी पाहावे. क्लच खरोखर घसरत असेल तर लक्षण वेगळे : क्लचवरून पाय काढलेला असताना चढावर रेस वाढते, पण गाडी ओढत नाही.

घाटात काय करावे?

दुसऱ्या गिअरमध्ये ३००० वर असलेले इंजिन तिसऱ्यात, समजा, २००० वर यायला हवे. ते उतरण्याआधीच क्लच सोडला तर गाडीला हिसका बसतो आणि प्लेट झिजते. म्हणून क्लच दाबण्याच्या किंचित आधी रेसवरून पाय काढा, गिअर टाका, क्षणभर थांबा आणि मग क्लच सोडा. चांदसैली किंवा देवगोई घाटात भरलेली गाडी दुसऱ्यात ओढत असेल तर उगाच तिसरा टाकू नये. गिअर कमी करताना मात्र रेस जास्तच लागते, तिथे हळू उतरणारी रेस उपयोगी पडते. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

सरपंच-ग्रामसेवकांनीही एवढे करावे : घंटागाडीच्या क्लचचे बिल मंजूर करण्यापूर्वी वरची चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि लॉगबुकात नोंद ठेवावी. दोन मिनिटांच्या चाचणीने गावाचा पैसा वाचू शकतो.