आधी तू वाच!

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे माझ्या पिशवीत संतवाङ्मयावरचा एखादा जाडजूड प्रबंध असावा, अशी लोकांची समजूत असते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर त्या पिशवीतून सहाशेहून अधिक पानांची एक इंग्रजी अद्भुतकथा बाहेर पडली, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत चांगलाच हशा पिकला. "काय बाई, या वयात पऱ्या-राक्षस?" असे एकाने विचारलेही. मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यायचे राहिले, ते आज देते.

ते पुस्तक म्हणजे फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाचे 'द रोझ फील्ड'. लायरा नावाच्या मुलीच्या कथेतली ही सहावी मोठी कादंबरी. पहिली, 'नॉर्दर्न लाइट्स', १९९५ साली आली. 'द सटल नाइफ' १९९७ मध्ये व 'द अँबर स्पायग्लास' २००० मध्ये निघाली, आणि तिथे गोष्ट संपली असे आम्ही धरून चाललो होतो. पण पुढे सतरा वर्षांनी लेखकाने तोच धागा पुन्हा उचलला.

आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण सातासमुद्रापलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा प्राण असा पशुपक्ष्याचे रूप घेऊन त्याच्या शेजारीच वावरतो. तो बोलतो, भांडतो, समजूत घालतो. लहान मुलांचे हे प्राण घटकेत पाखरू, घटकेत मांजर होतात. मूल वयात आले की त्याचे एकच रूप कायम होते. लायराचा सोबती पॅन. दोघांना एकमेकांपासून चार पावले दूर जाणेही असह्य होते.

या पुस्तकांची गोडी मला एकटीला लागली नव्हती. मी एम. ए. करत होते, धाकटा भाऊ शाळेत होता. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिला भाग मिळाला. प्रत एक आणि वाचणारे दोघे! तेव्हा आधी कोणी वाचायचे यावरून घरात रोज रामायण. शेवटी आईने तोडगा काढला: मी मोठ्याने वाचायचे आणि त्याने ऐकायचे. जेवणे आटोपली की जुन्या घराच्या जिन्यात आमची बैठक बसे. तिसऱ्या भागात लायराला मृतांच्या प्रदेशात जायचे असते आणि त्यासाठी पॅनला काठावर सोडावे लागते. ते प्रकरण वाचताना माझा आवाज फुटेना. भाऊ मात्र रागावून म्हणाला, "ताई, तिने त्याला विचारलं का?"

हा प्रश्न मी विसरले. लेखक मात्र विसरला नव्हता. २०१९ सालच्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये लायरा वीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. जे तर्काने सिद्ध होते तेवढेच खरे, असे सांगणाऱ्या पुस्तकांनी तिला भुरळ घातली आहे, आणि तिचे व पॅनचे धड बोलणेही उरलेले नाही. काठावरची ती जखम आतल्या आत चिघळली आहे. अखेर तिची हरवलेली कल्पनाशक्ती शोधायला म्हणून पॅन तिला सोडून निघून जातो.

ते पुस्तक आम्ही निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या प्रतींतून वाचले. पुढे २०२१ मध्ये वडील गेल्यावर जुने घर विकायचे ठरले. म्हणजे मी ठरवले. कागदपत्रे, कर, वाटणी, सारे मी चोख केले. भावाला फक्त सह्या करायला बोलावले. तो एवढेच म्हणाला, "ताई, मला विचारलं का?" मी त्याच्यापुढे हिशेबाची वही ठेवली. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. त्यानंतर चार भाऊबिजा ओवाळणी बँकेतून येत राहिली. भाऊ आला नाही.

'द रोझ फील्ड' प्रसिद्ध झाले २३ ऑक्टोबर २०२५ रोजी. तो दिवस नेमका भाऊबीजेचा! आठ-दहा दिवसांनी कुरिअरने एक पुडके आले. आत पुस्तक, आणि पहिल्या पानावर भावाचे किरटे अक्षर: 'आधी तू वाच.'

आता पुस्तकाविषयी. शिक्षिकेची सवय म्हणून प्रारंभी मनातला तांबडा पेन सुरूच होता. पात्रांची गर्दी फार झाली आहे. प्रवास लांबले आहेत. गरुडाच्या तोंडाचे सिंह आले तेव्हा तर मी कपाळाला हात लावला. ज्या गाठी सुटाव्यात म्हणून सहा वर्षे थांबले, त्या साऱ्या काही सुटल्या नाहीत. पण लायरा एका वाटेने आणि पॅन दुसऱ्या वाटेने दूरच्या वाळवंटाकडे चालले आहेत, हे वाचताना पेन आपोआप खाली राहिला. शेवट सांगत नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांचा हक्क मारू नये. एवढेच सांगते की, रात्री दीड वाजता पुस्तक मिटले आणि मनात आले, पॅन कल्पनाशक्ती शोधायला गेला त्यात नवल ते काय! दुसऱ्याला काय वाटत असेल हे ओळखायलाही तीच लागते. माझ्या हिशेबात तेवढीच रक्कम मांडायची राहिली होती.

सकाळी फोन केला.

"वाचलंस?" त्याने विचारले.

"वाचलं. शेवट मला पटला नाही."

"मला न सांगता ठरवू नकोस!" तो म्हणाला, आणि मग दोघेही गप्प झालो. थोड्या वेळाने मीच म्हटले, "घराचंही तुला विचारायला हवं होतं रे." तो काही बोलला नाही. पण फोनही ठेवला नाही.

पुस्तक मी टपालाने पाठवलेले नाही. यंदाच्या भाऊबीजेला तो स्वतः न्यायला येणार आहे. पहिले प्रकरण मात्र मी मोठ्याने वाचून दाखवायचे, अशी त्याची अट आहे. नव्या घराला जिना नाही, लिफ्ट आहे. तेव्हा बैठक स्वयंपाकघरात बसेल.