एका संघाचा हंगाम

हंगाम हा शब्द कानी पडला की आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पेरणी, निंदणी, वेचणी आणि शेवटी बाजारातील काटा ही सर्व चित्रे एकामागून एक उभी राहतात. एका दिवसाच्या पावसाने हंगाम साधत नाही, आणि एका दिवसाच्या उघडिपीने तो बुडतही नाही. खेळाच्या क्षेत्रातही हाच शब्द आता रूढ झाला आहे. ज्यांचा चरितार्थच खेळावर चालतो, अशा खेळाडूंचे संघ वर्षातून काही महिने गावोगाव फिरून सामने खेळतात व त्या साऱ्या सामन्यांच्या बेरजेवर त्यांचे यशापयश ठरते. अशा एका संघाच्या एका हंगामाची हकिकत वाचकांस सांगावी, असा आमचा विचार आहे.

हा विषय आम्हांस सुचण्यास एक कारण घडले. दिवाळीच्या सुटीपूर्वी एके सायंकाळी एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्या घरी आले. मुलगा दहावीच्या वर्गात शिकणारा. चढाई करण्यात मोठा चपळ. शाळा सोडून पुण्यास जावे, तेथे एखाद्या मंडळात राहून कबड्डीचा सराव करावा, आणि पुढे लिलावात आपलेही नाव पुकारले जावे, हा ध्यास त्याने घेतला होता. वडील बराच वेळ गप्प बसले होते. अखेर ते म्हणाले, "सर, ह्या खेळावर पोट भरते काय?" त्या वेळी खेळाची निंदा करणे सोपे होते व स्तुती करणे त्याहूनही सोपे होते. आम्ही दोन्ही टाळून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आम्ही जे पाहिले व पडताळले, तेच येथे मांडीत आहोत.

कबड्डी, म्हणजेच आमच्या वडीलधाऱ्यांची हुतूतू, ही वऱ्हाडास परकी नाही. आमच्या शेजारच्या अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सोहळ्याच्या प्रसंगी ह्या खेळाचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांस दाखविले होते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस स्थान मिळाले व भारताने सुवर्णपदक जिंकले. तरीही ह्या खेळावर उपजीविका करावयाची तर रेल्वे, पोलीस, बँक अशा एखाद्या खात्यात नोकरी मिळवावी व त्या खात्याच्या संघातून खेळावे, हाच राजमार्ग होता. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मानधन घेऊन हंगामभर खेळणारे संघ निर्माण झाले. पुणेरी पलटण हा त्या आरंभीच्या आठ संघांपैकी एक. पहिल्या दोन हंगामांत तो गुणतक्त्याच्या तळाशी होता, हे येथे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण आम्ही ज्या हंगामाविषयी लिहीत आहोत, तो दहावा हंगाम होता.

प्रथम हंगामाची रचना समजून घेऊ. दहाव्या हंगामात संघ १२ होते. प्रत्येकाने उरलेल्या ११ संघांशी दोन-दोन वेळा खेळावयाचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास २२ सामने आले. विजयास ५ गुण, बरोबरीस ३ गुण. आणि जो संघ ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या अंतराने हरेल, त्यास १ गुण. गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. पुणेरी पलटणने १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडविले व २ गमावले. विजयांचे ८५ आणि बरोबरीचे ९ मिळून ९४ होतात. पण तक्त्यावर तिचे गुण ९६ आहेत. वरचे २ कोठून आले? ते दोन पराभवांतून आले. ज्या दोन दिवशी हा संघ हरला, त्या दोन्ही दिवशी त्याने शेवटच्या क्षणापर्यंत अंतर वाढू दिले नाही.

पराभवाचीही अशी कदर करण्याची रीत इतर देशांतही आढळते. कॅनडा व अमेरिका येथे बर्फावरील हॉकीचा मोठा व्यवसाय आहे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघ बाद फेरीपूर्वी ८२ सामने खेळला. ठरलेल्या वेळेत बरोबरी होऊन जादा वेळेत जो संघ हरतो, त्यास तेथेही १ गुण देतात. त्या खेळात किरकोळ आगळीक करणाऱ्या खेळाडूस दोन मिनिटे बाहेर बसवितात व त्याचा संघ तेवढा वेळ एक गडी कमी घेऊन खेळतो. मात्र ह्या अवधीत प्रतिपक्षाने गोल केला, तर बसविलेला गडी त्वरित परत येतो. कबड्डीत ह्याच्या उलट आहे. आपला गडी बाद झाला, तर त्यास परत आणण्यासाठी आपल्याच सोबत्यांनी चढाई करून अथवा पकड करून प्रतिपक्षाचा गडी बाद करावा लागतो. जितके गडी बाद केले, तितके आपले गडी जिवंत होतात. बाकावर बसलेला उत्तम खेळाडू अशा वेळी सोबत्यांच्या बळावर अवलंबून असतो. ह्या एका नियमामुळे कबड्डीचा संघ एकट्याच्या पराक्रमावर फार काळ चालत नाही.

आता प्रत्यक्ष हकिकतीकडे वळू. आदल्या म्हणजे नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत, पलटणचा जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा पराभव झाला होता. अजिंक्यपद चार गुणांनी हुकलेल्या ह्या संघाने पुढील हंगामासाठी दोन गोष्टी केल्या. बी. सी. रमेश ह्या अनुभवी प्रशिक्षकास कायम ठेवले, आणि इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शाडलुई यास लिलावात २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतले. संघाचे नेतृत्व अस्लम इनामदार ह्या तरुणाकडे आले. अस्लम हा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभान गावचा. गरिबीत वाढलेला, गावच्या मातीवर खेळ शिकलेला हा मुलगा महाराष्ट्राच्याच नव्हे, तर भारताच्याही संघात पोहोचला होता. येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घ्यावी. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यात झाला व भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत अस्लम भारताच्या चमूत होता व शाडलुई इराणच्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हे दोघे एकाच रंगाची बनियन घालून पुण्यासाठी खेळू लागले.

हंगामाचा प्रारंभ २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत झाला. पलटणने आपल्या पहिल्याच सामन्यात जयपूरला नमविले आणि मागील वर्षाचे उट्टे काढले. तेथून पुढे हा सारा मेळा बंगळूर, पुणे, चेन्नई, नोइडा, मुंबई असा फिरत फिरत एकंदर १२ शहरांत गेला. आज येथे तर चार दिवसांनी शेकडो कोस दूर; नवे हवामान, नवे अन्न, त्यात गुडघ्याला सूज व बोटाला मुरगळ. प्रेक्षकांस केवळ ४० मिनिटांचा खेळ दिसतो. खेळाडूचा उरलेला दिवस व्यायाम, मालीश, विश्रांती व प्रतिपक्षाच्या खेळाचे निरीक्षण ह्यांत जातो. त्या तीन महिन्यांत शाडलुईने पकडींतून ९९ गुण मिळविले व तो हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. अस्लमला हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला.

साखळीत पहिला आल्यामुळे पलटण थेट उपान्त्य फेरीत गेली. तेथे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हैदराबादेत तिने पाटणा पायरेट्सचा ३७-२१ असा सहज पराभव केला. अंतिम सामना १ मार्च रोजी हरयाणा स्टीलर्सशी झाला. हा संघ साखळीत पाचवा होता. परंतु त्याने बाद फेरीत गुजरातला व नंतर गतविजेत्या जयपूरला हरवून येथवर मजल मारली होती. दोन्ही संघांचे बचाव भक्कम असल्यामुळे गुण धान्य टिपावे तसे एकेकाने येत होते. मध्यंतर जवळ आले असता पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले व पलटण १३-१० अशी पुढे गेली. अशा कोंडीच्या सामन्यात चार गुणांची किंमत काय असते, ते शेवटच्या आकड्यावरून कळेल. सामना २८-२५ असा संपला. पंकजचे त्या दिवशी ९ गुण होते. कर्णधार अस्लमपेक्षा त्या दिवशी त्याचीच चढाई अधिक फळास आली. ज्याचा दिवस असेल त्याच्यामागे इतरांनी उभे राहावे, हेच तर संघाचे काम. पुणेरी पलटण प्रथमच अजिंक्य ठरली व ३ कोटी रुपयांचे पारितोषिक तिला मिळाले.

येथे हकिकत संपविली असती, तर आमच्याकडे आलेल्या त्या मुलास फार आनंद झाला असता. परंतु शेतकरी एका सुगीवरून जमिनीची पारख करीत नाही. पुढील वर्षी काय झाले, तेही सांगितले पाहिजे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लिलाव झाला. पलटणने शाडलुईस मोकळे केले होते; त्यास हरयाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लक्ष रुपयांस घेतले. हंगाम सुरू झाल्यावर अस्लमच्या गुडघ्यास दुखापत होऊन त्यास उरलेल्या हंगामास मुकावे लागले. अजिंक्य म्हणून उतरलेला हा संघ आठव्या स्थानी राहिला. बाद फेरीच्या पहिल्या सहांतही त्यास जागा मिळाली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी त्या हंगामाचा अंतिम सामना पुण्याच्याच बालेवाडी संकुलात झाला. तो हरयाणा स्टीलर्सने पाटण्याविरुद्ध ३२-२३ असा जिंकला. ज्या शाडलुईने आदल्या हंगामात पुण्यास करंडक मिळवून दिला, त्याने पुणेकरांच्या डोळ्यांदेखत तो हरयाणासाठी उचलला. त्यात त्याचा दोष काही नाही. धंदेवाईक खेळात गडी कराराने बांधलेला असतो. करार संपला की बांधीलकीही संपते.

तथापि तेथेही अखेर झाली नाही. २०२५ साली गुडघा बरा होऊन अस्लम पुन्हा कर्णधार म्हणून उभा राहिला. पलटणने साखळीत पहिला क्रमांक मिळविला, आणि ३१ ऑक्टोबर रोजी अंतिम सामन्यात दिल्लीकडून ती अवघ्या तीन गुणांनी, ३१-२८ अशी हरली. तळ, शिखर, घसरण आणि पुन्हा चढण. ह्या संघाची एकंदर कहाणी ही अशी आहे.

आठ दिवसांनी ते पितापुत्र पुन्हा आले, तेव्हा आम्ही त्यांस हेच सारे सांगितले. वडिलांस आम्ही म्हणालो की, होय, ह्या खेळावर पोट भरते. परंतु फारच थोड्यांचे, आणि त्यांचेही थोडीच वर्षे. संघ १२, प्रत्येक संघात वीस-पंचवीस गडी. सारे मिळून तीनशेच्या आसपास जागा, आणि त्यांकडे डोळे लावून बसलेली मुले साऱ्या देशात. शिवाय कर्णधाराचा गुडघाही शेवटी गुडघाच. म्हणून मुलाच्या हाती खेळाबरोबर दहावीचे, बारावीचे व जमल्यास पदवीचे प्रमाणपत्र असू द्यावे. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ज्या राखीव जागा असतात, त्यांनाही शिक्षणाची अट असतेच. परंतु त्याचा खेळ मात्र बंद करू नये. सायंकाळचा एक तास मैदानावर गेला म्हणून मूल वाया जात नाही. हरल्या दिवशीही अंतर वाढू न देण्याची सवय त्यास तेथेच लागते, आणि ती सवय शेतात, कचेरीत, परीक्षेत, सर्वत्र उपयोगी पडते.

मुलास आम्ही एवढेच विचारले, "पंकजने आणलेले ते चार गुण तुला पाठ आहेत, पण पराभवातून आलेले दोन गुण तुला ठाऊक होते काय?" तो थोडा वेळ खाली पाहत राहिला व म्हणाला, "नाही, सर."

तो आता शाळेत नियमित येतो. सहामाही परीक्षेत गणितात त्यास फारसे गुण नव्हते, पण उत्तीर्ण होण्यास जितके लागतात त्याहून दोन अधिक होते. पाच वाजता घंटा झाली की दप्तर कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवून तो मैदानात उतरतो. परवा त्याचे वडील बैलगाडी रस्त्यावर थांबवून कुंपणाबाहेरून खेळ पाहत उभे असलेले आम्हांस दिसले. आम्ही त्यांस आत बोलावले, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या सर, येथूनही दिसते." डाव संपेपर्यंत मात्र ते तेथून हलले नाहीत.