बुडालेल्या कंपनीतला मॅनेजर घ्यावा का?



समजा, तुम्ही दुसरं दुकान काढताय आणि मॅनेजर हवाय. एक माणूस येतो. अनुभव दहा वर्षांचा, बोलायला चोख. पण ज्या दुकानाचा कारभार त्याच्याकडे होता, ते बंद पडलंय. काय कराल? बहुतेक जण चहा पाजून त्याला वाटेला लावतात. "ज्यानं एक बुडवलं, तो आपलंही बुडवेल." मीही आधी असंच करायचो.

थांबा. आधी एक खरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत १९९९ मध्ये वेबव्हॅन नावाच्या कंपनीनं ऑनलाइन किराणा घरपोच द्यायला सुरुवात केली. सीईओ म्हणून आणले जॉर्ज शाहीन, म्हणजे अँडरसन कन्सल्टिंगचे प्रमुख. कागदावर यापेक्षा भारी माणूस कुठे मिळणार? तरी जुलै २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे २,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

कल्पना वाईट नव्हती, घाई वाईट होती. एका शहरात धंदा फायद्यात येण्याआधीच कंपनीनं मोठमोठी ऑटोमॅटिक गोदामं बांधायला सुमारे १ अब्ज डॉलरचा करार करून टाकला. ऑर्डरी कमी, खर्च डोक्यावर.

आता पुढचं बघा. याच वेबव्हॅनमध्ये वरच्या पदावर असलेले डग हेरिंग्टन यांना ॲमेझॉननं २००५ मध्ये घेतलं आणि पुढे किराणाचंच काम दिलं! ॲमेझॉन फ्रेश २००७ मध्ये सिएटलला सुरू झालं. दुसरं मोठं शहर, लॉस एंजेलिस, थेट २०१३ मध्ये. घाई कुठे नडते, हे आता माहीत होतं. २०२२ मध्ये हेरिंग्टन ॲमेझॉनच्या जगभरातल्या स्टोअर व्यवसायाचे सीईओ झाले.

वेबव्हॅनमधलेच मिक माउंट्झ. ऑर्डरचा माल गोळा करण्यात किती पैसा जातो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं होतं. त्यातून माणसाजवळ रॅक आणून देणारे रोबोट बनवणारी किवा सिस्टिम्स उभी राहिली. ॲमेझॉननं ती २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना घेतली.

म्हणजे यशस्वी माणूस आणला तरी धंदा बुडू शकतो, आणि बुडालेल्या धंद्यातला माणूस सोनं निघू शकतो. मग ओळखायचं कसं? मुलाखतीत हे चार प्रश्न विचारा:

१. धंदा कशामुळे बंद पडला? आकड्यांत सांगा. भाडं, उधारी, पडून राहिलेला माल, नेमकं काय?
२. त्यातला कोणता निर्णय तुमचा होता?
३. धोका पहिल्यांदा कधी दिसला? मालकाला सांगितलंत का?
४. तेच दुकान आज परत मिळालं, तर पहिल्या महिन्यात काय बदलाल?

सगळा दोष मालकावर, मार्केटवर, नशिबावर ढकलणारा माणूस नको. "ही चूक माझी होती" असं सांगून आकडे देणारा माणूस असेल, तर त्याच्या शिकण्याची फी दुसऱ्यानं भरलीय. फायदा तुमचा!

पण डोळे झाकून विश्वास नको. त्याच्या जुन्या सप्लायरना फोन करा. देणी बुडवणं वेगळं आणि धंदा बुडणं वेगळं. पहिले तीन महिने खरेदीची मर्यादा ठरवा, रोजचा हिशोब स्वतः बघा.

आणि शेवटचं. उद्या तुमचं दुकान चाललं नाही, तर लोकांनी तुम्हाला कसं तोलावं असं वाटतं? समोरच्याला त्याच मापानं तोला.

तुम्ही असा माणूस घेतलाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा.