आर्कलचें ओझें
घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत वजनाचा न्याय असतो : बलवानाच्या पाठीवर अधिक भार, दुबळ्याच्या पाठीवर कमी. आयर्लंडच्या आर्कलनें हा तराजूच मोडला. १९६४ ते १९६६ अशीं सलग तीन वर्षें त्यानें चेल्टनहॅमचा सुवर्णचषक जिंकला. अखेर आयर्लंडांत तो धांवणार असल्यास एक आणि नसल्यास दुसरी, अशा वजनांच्या दोन याद्या कराव्या लागल्या!

तरी जाणत्या रसिकांना त्याचे पराभवच अधिक आठवतात, आणि तें योग्यच आहे. नोव्हेंबर १९६६ मध्यें स्टालब्रिज कॉलोनिस्टपेक्षां ३५ रत्तल अधिक वजन वाहून तो केवळ अर्ध्या लांबीनें हरला. पुढच्याच महिन्यांत केम्प्टन येथें खुरांतील हाड मोडलें असूनहि शर्यत पुरी करून तो दुसरा आला. त्यानंतर तो पुन्हां कधींच धांवला नाहीं.