शिडाचे गलबत (कोकण)

शिडाचे गलबत हे कोकण किनाऱ्यावर माल व उतारू नेण्यासाठी भाड्याने दिले जाणारे, वाऱ्याच्या बळावर चालणारे पारंपरिक लाकडी जहाज होय. मराठा आरमारात ‘गलबत’ हा शब्द हलक्या व वेगवान लढाऊ नौकेसाठी योजला जाई. पुढे तो व्यापारी जहाजांसाठीही रूढ झाला. आकार व बांधणी यांनुसार मचवा, पडाव, फत्तेमारी अशी निरनिराळी नावे आढळतात.

रचना

बांधणीत सागवानी लाकडास प्राधान्य असे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून ते पाणबंद करीत व लाकडास माशाचे तेल लावीत. नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब व पुढे झुकलेली असे. डोलकाठीही किंचित पुढे कललेली असून तिच्यावर तिरक्या परबाणाला साधारण त्रिकोणी शीड बांधीत. जहाजाचा कारभार तांडेलाच्या हाती असे व खलाशी त्याच्या हुकमतीखाली काम करीत.

हंगाम व वारे

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतर नवा हंगाम सुरू होई. कोरड्या ऋतूत रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे व दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे या दोहोंचा उपयोग करून तांडेल किनाऱ्यालगत मार्ग काढी.

भाडे

जलवाहतुकीच्या भाड्यास ‘नोल’ म्हणत. एका खेपेसाठी संपूर्ण गलबत ठरविणे किंवा केवळ आपल्या मालापुरता नोल देणे, असे दोन मार्ग होते. वारा पडल्यास अथवा उलटल्यास खेप लांबे. त्यामुळे पोहोचण्याचा दिवस नेमका सांगता येत नसे. व्यापाऱ्याला जहाजाच्या आकाराइतकाच तांडेलाच्या अनुभवावर भरवसा ठेवावा लागे.

फोंडाघाटाशी संबंध

कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तरीही या जलवाहतुकीशी त्याचा संबंध होता. दाजीपूर–राधानगरीकडून उतरणारा घाटमार्ग कोल्हापूरचा देश किनाऱ्याशी जोडतो. देशावरचा गूळ व धान्य खाली येई, तर मीठ, नारळ व सुकी मासळी वर जाई. आधी बैलांच्या पाठीवरून व नंतर गाड्यांतून होणारी ही वाहतूक देवगड, विजयदुर्ग, मालवण यांसारख्या बंदरांतील गलबतांना पूरक होती.

ऱ्हास

आगबोटींमुळे उतारू व मौल्यवान माल गलबतांकडून दुरावला. पुढे यंत्रे बसविलेली जहाजे आणि रस्त्यावरील मालमोटारी यांनी उरलेली वाहतूकही घेतली. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्याच्या आधीच शिडाचा व्यापार जवळजवळ संपला होता. लाकूड महागले आणि बांधणी करणाऱ्या सुतारांची पुढची पिढी इतर व्यवसायांकडे वळली.

सद्यस्थिती

मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या तसेच तारकर्ली–देवबाग येथे कर्ली खाडीत पर्यटकांना फिरविणाऱ्या होड्या आज यंत्रावर चालतात. पावसाळ्यात किल्ल्याची फेरी बंद असते. १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड प्रवासी जलवाहतुकीचे नियमन करते. होडी ठरविताना परवाना, नोंदलेली प्रवासी-क्षमता व जीवरक्षक जाकिटे पाहणे आवश्यक ठरते.

पारंपरिक नौका टिकविण्याचे काम पर्यटनाने अन्यत्र काही अंशी केले आहे. केरळात धान्य वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नौकांचे रूपांतर निवासी नौकांत झाले. ग्रीसमध्ये ‘काईकी’ या लाकडी नौका समुद्रपर्यटनासाठी भाड्याने मिळतात. मात्र मासेमारी कमी करण्याच्या युरोपीय संघाच्या योजनेत तेथील हजारो जुन्या नौका मोडल्या गेल्या. ५ व्या शतकातील अजिंठा चित्रावर आधारित, गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे दोरीने शिवलेले जहाज भारतीय नौदलात २०२५ मध्ये दाखल झाले. जुन्या बांधणीचे ज्ञान अद्याप पुन्हा मिळविता येते, हे त्यावरून दिसते. शीड हाताळण्याचे व वारा ओळखण्याचे कसब मात्र प्रत्यक्ष सरावाशिवाय टिकत नाही.